आर.ई.एम. कसा ऐकावा : पंधरा अल्बम आणि कान लावायच्या जागा

'लूझिंग माय रिलिजन' आणि 'एव्हरीबडी हर्ट्स' ही दोन गाणी ठाऊक असलेल्या बहुतेकांची आर.ई.एम. या बँडशी ओळख तिथेच थांबते. पुढे जायची इच्छा असते, पण १९८३चा पहिला अल्बम 'मर्मर' लावला की गायक काय म्हणतोय तेच कळत नाही. १९९४चा लावला तर गिटारचा गोंगाट अंगावर येतो. ही सगळी गाणी एकाच बँडची आहेत यावर विश्वास बसत नाही. मला हा बँड फार प्रिय आहे आणि तो अर्ध्यावर सोडलेल्यांसाठी हा लेख आहे. माझं म्हणणं एवढंच की यांचा बदलत गेलेला आवाज समजून घ्यायला पुरस्कारांची यादी कामाची नाही. चार माणसं कोण, गाण्यात प्रत्येकाची जागा कुठली आणि तो ती कधी सोडतो, हे कानाला कळायला लागलं की पंधराही अल्बम उलगडत जातात.

चौघं म्हणजे गायक मायकल स्टाइप, गिटारवर पीटर बक, बेस गिटारवर माइक मिल्स आणि ड्रम्सवर बिल बेरी. गाव अथेन्स, अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातलं विद्यापीठाचं गाव. बक तिथे 'वक्स्ट्री' या रेकॉर्डच्या दुकानात काम करायचा आणि स्टाइप तिथे रेकॉर्ड घ्यायला यायचा. मिल्स आणि बेरी मेकन गावातल्या शाळेपासूनचे सोबती. ५ एप्रिल १९८० रोजी एका मैत्रिणीच्या वाढदिवसाला, वापरात नसलेल्या जुन्या चर्चमध्ये हे चौघं पहिल्यांदा लोकांसमोर वाजले. पुढे त्यांनी दोन नियम पाळले. गाणं कुणालाही सुचलेलं असो, श्रेय चौघांचं, नावं वर्णानुक्रमे : बेरी, बक, मिल्स, स्टाइप. आणि चौघांपैकी एकानेही नाही म्हटलं तर ती गोष्ट करायची नाही. त्यांच्या संगीताची रचनाही अशीच आहे. म्हणूनच हा बँड माणूस धरून ऐकायचा.

तयारी

हेडफोन किंवा बरे इअरफोन हवेतच. मोबाइलच्या स्पीकरमधून खर्जातले सूर जवळजवळ ऐकूच येत नाहीत. तसं झालं तर माइक मिल्स तुमच्यापर्यंत पोचणार नाही आणि अर्धा बँड हातचा जाईल. 'बेस बूस्ट'सारख्या सोयी बंद ठेवा, त्यांनी खर्ज वाढतो पण त्यातली चाल पुसली जाते.

अ‍ॅपवर ऐकत असाल तर शफल आणि ऑटोप्ले बंद करा. बहुतेक अल्बमच्या पंचवीस वर्षांनंतरच्या वाढीव आवृत्त्या निघालेल्या आहेत. त्यांत मूळ गाण्यांच्या मागे मैफलींची रेकॉर्डिंग आणि कच्चे नमुने जोडलेले असतात. पहिल्या वेळी मूळ अल्बमचं शेवटचं गाणं संपलं की थांबा. 'मर्मर' बारा गाण्यांचा आहे आणि तेवढाच तो पूर्ण आहे.

आठवड्याला एक अल्बम पुरे, आणि तो दोनदा ऐका. पहिल्यांदा हातात काही न घेता सलग, दुसऱ्यांदा एकाच माणसाच्या मागे कान लावून. गाण्याचे शब्द शोधून वाचण्याचा मोह दुसरं ऐकणं होईपर्यंत आवरा. सुरुवातीच्या अल्बमवर बँडने शब्द छापलेच नव्हते, ऐकणाऱ्याने आधी आवाज ऐकावा हीच त्यांची इच्छा होती.

पायरी पहिली : एकच गाणं, चार वेळा

क्रमाने सुरुवात करण्याआधी १९८६च्या 'लाइफ्स रिच पेजंट'मधलं 'फॉल ऑन मी' घ्या. जेमतेम तीन मिनिटांचं गाणं आहे, पण त्यात चौघंही स्वच्छ दिसतात.

पहिल्या खेपेला गिटार. बक सगळ्या तारांवर एकदम हात मारत नाही. कॉर्ड (एकत्र वाजणाऱ्या सुरांचा गुच्छ) धरतो आणि तिच्या तारा एकामागून एक छेडत जातो, त्यामुळे गिटार किणकिणते. हा त्याचा मूळ स्वभाव. गाण्याच्या मधोमध गिटारचा लांबलचक एकल तुकडा वाजवणं त्याने जाणूनबुजून टाळलं. दुसऱ्या खेपेला बेस. मिल्स नुसता ठेक्याला आधार देत नाही, खाली स्वतःची वेगळी चाल गात असल्यासारखा फिरतो. तिसऱ्या खेपेला ड्रम्स. बेरी कमी वाजवतो, पण कडवं संपून ध्रुवपद सुरू होण्याच्या क्षणी नेमकं काय करायचं हे त्याला ठाऊक आहे. गाण्याचा बांधा सांभाळणारा माणूस तो.

चौथ्या खेपेला फक्त आवाज. ध्रुवपदात स्टाइप, मिल्स आणि बेरी तिघं गातात, पण एकच ओळ तीन पट्ट्यांत नाही. तिघांच्या ओळी वेगळ्या आहेत आणि त्या एकमेकींवरून जातात. पुढे मधल्या कडव्यात मिल्स एकटा पुढे येतो. हा मिल्सचा दुसरा आवाज ओळखायला शिका. माझ्या मते आर.ई.एम.ची खरी खूण बकच्या गिटारपेक्षाही या आवाजात आहे. पुढच्या प्रत्येक अल्बमवर तो कुठे आहे हे शोधत राहिलात तर वाट चुकणार नाही.

पायरी दुसरी : न कळणारे शब्द (१९८१ ते १९८५)

आधी 'रेडिओ फ्री युरोप' दोन रूपांत ऐका. १९८१मध्ये 'हिब-टोन' या छोट्या कंपनीने काढलेलं पहिलं रूप उत्तर कॅरोलायनात मिच ईस्टर यांच्या स्टुडिओत झालं. ते धावतं, खरखरीत आहे. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांच्या यादीत घेतलं ते हेच. दुसरं रूप १९८३च्या 'मर्मर'च्या सुरुवातीला आहे, किंचित संथ आणि जास्त घोटीव. दोन्ही लागोपाठ लावा. दोन वर्षांत हे चौघं घाईतून बाहेर पडून गाण्यात मोकळी जागा सोडायला शिकले.

'मर्मर'साठी नव्या रेकॉर्ड कंपनीने आधी वेगळ्या निर्मात्याबरोबर त्यांना वाजवायला लावलं होतं. तो बेरीला यंत्राच्या ठोक्याबरोबर पुन्हापुन्हा वाजवायला लावायचा आणि वर सिंथेसायझरही चढवले. चौघांना ते पटलं नाही. ते ईस्टर आणि डॉन डिक्सन यांच्याकडे परतले आणि शार्लट शहरात अल्बम झाला. १९८३ हे मायकल जॅक्सनच्या 'थ्रिलर'ने गाजवलेलं वर्ष, पण 'रोलिंग स्टोन'च्या समीक्षकांनी वर्षाचा अल्बम म्हणून 'मर्मर' निवडला.

ऐकताना तीन जागा धरा. 'टॉक अबाउट द पॅशन'मध्ये मागून येणारा चेलो. 'परफेक्ट सर्कल'मध्ये गिटार जवळजवळ गायब आहे आणि पियानो पुढे. याची मूळ चाल ड्रमर बेरीची, हे लक्षात ठेवा, पुढे लागेल. आणि 'वी वॉक'मध्ये दूरवर गडगडल्यासारखं जे ऐकू येतं, ते बिलियर्डच्या चेंडूंच्या टकरीचं रेकॉर्डिंग आहे, वेग कमी करून वाजवलेलं. कंपनीच्या दडपणाखाली, तुटपुंज्या पैशांत पहिला अल्बम करणारी मुलं असल्या गोष्टींना वेळ देत होती!

आता शब्दांचा प्रश्न. स्टाइप पुटपुटतो, शब्दांची टोकं खातो, आणि आवाज बाकी वाद्यांच्या पातळीवरच ठेवलेला आहे. हे समजायला एक प्रयोग करा, माझ्या लेखी या संपूर्ण लेखातला सगळ्यात उपयोगी. १९८४च्या 'रेकनिंग'मधलं 'सेव्हन चायनीज ब्रदर्स' ऐका. लगेच त्याच्यामागे 'व्हॉइस ऑफ हॅरॉल्ड' लावा, ते १९८७च्या 'डेड लेटर ऑफिस' या संकलनात आहे. वाद्यसंगीत तेच. फरक असा की त्या दिवशी स्टाइपला गाणं जमत नव्हतं, म्हणून स्टुडिओत पडलेल्या एका भक्तिगीतांच्या रेकॉर्डच्या वेष्टनावर मागे छापलेला मजकूर त्याच्या हातात दिला आणि तो त्याने त्याच चालीवर गायला. गायकांची नावं, माहिती, जाहिरातीतली स्तुती, सगळं. आणि ते ऐकताना गळा दाटून येतो. शब्दांचा अर्थ काहीही असो, आवाजातलं आर्जव आपलं काम करतं. हे एकदा कानाने पटलं की 'मर्मर' बंद दरवाजा राहत नाही.

'रेकनिंग' बाकी सरळ आहे, मैफलीत वाजतो तसा वाजवलेला. त्यातलं 'सो. सेंट्रल रेन' नाव ठरण्याआधीच त्यांनी ऑक्टोबर १९८३मध्ये डेव्हिड लेटरमनच्या टीव्ही कार्यक्रमात वाजवलं होतं. ते चित्रण पाहायला मिळालं तर चौघांच्या उभं राहण्याकडे बघा. स्टाइप कॅमेऱ्याकडे बघतच नाही.

१९८५चा 'फेबल्स ऑफ द रिकन्स्ट्रक्शन' लोक वगळतात. वगळू नका. तो लंडनमध्ये, ब्रिटिश लोकसंगीताच्या रेकॉर्ड घडवणाऱ्या जो बॉइड यांच्याकडे झाला. हवा गारठलेली, पाऊस, घरापासून दूर, चौघंही वैतागलेले. आणि तिथे बसून त्यांनी गाणी केली ती अमेरिकेच्या दक्षिणेतली माणसं, आगगाड्या, आडगावचे विक्षिप्त म्हातारे यांच्यावर. 'फीलिंग ग्रॅव्हिटीज पुल'च्या पहिल्याच सुरांत बकची किणकिण नाहीशी होते, गिटार वाकडी चालते आणि शेवटी तंतुवाद्यं येतात. त्यानंतर 'ड्रायव्हर ८' आणि शेवटी बँजो असलेलं 'वेंडेल जी'.

पायरी तिसरी : आवाज पुढे येतो (१९८६-८७)

'लाइफ्स रिच पेजंट'चे निर्माते डॉन गेहमन हे जॉन मेलनकॅम्पच्या रेडिओवर दणदणीत वाजणाऱ्या गाण्यांसाठी ओळखले जायचे. त्यांनी स्टाइपला स्पष्ट उच्चार करायला भाग पाडलं आणि ड्रम्स मोठे केले. 'बिगिन द बिगिन'ची पहिली तीस सेकंद आणि 'मर्मर'मधल्या कुठल्याही गाण्याची पहिली तीस सेकंद लागोपाठ ऐका. आता कुणीतरी तुमच्याशी थेट बोलतंय. विषयही बदलले : 'क्युयाहोगा' ही ओहायो राज्यातली नदी, तिच्या नावाने जमिनीची आणि मूळ रहिवाशांची आठवण.

१९८७च्या 'डॉक्युमेंट'पासून स्कॉट लिट सहनिर्माते झाले आणि सलग सहा अल्बम राहिले. 'द वन आय लव्ह' अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या बिलबोर्ड यादीत नवव्या क्रमांकावर गेलं, पहिल्या दहांत शिरलेलं त्यांचं पहिलं गाणं. शब्द आता नीट ऐकू येत होते, तरी लोकांनी ते प्रेमगीत समजून प्रिय व्यक्तीला अर्पण करायला सुरुवात केली. दुसऱ्यांदा ऐकाल तेव्हा त्यातला निर्दयपणा लपणार नाही. बाकी अल्बम एका बैठकीत ऐकून पुढे जा, खरी गंमत आता आहे.

पायरी चौथी : वाद्यांची अदलाबदल (१९८८ ते १९९२)

या काळासाठी वेळ राखून ठेवा. महिना लागला तरी चालेल.

१९८८मध्ये बँड वॉर्नर ब्रदर्स या बड्या कंपनीकडे गेला आणि 'ग्रीन' ८ नोव्हेंबरला, अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीच्या दिवशी बाजारात आणला. अशा वेळी आधीचं यश पुन्हा काढायचं, हा धंद्याचा मार्ग. यांनी केलं ते वेगळंच. आपल्याला येतं तेच पुन्हा करतोय असं वाटल्यामुळे त्यांनी वाद्यं बदलून घेतली. 'यू आर द एव्हरीथिंग'मध्ये बकच्या हातात मँडोलिन आहे, मिल्स अ‍ॅकॉर्डियन वाजवतो आणि ड्रमर बेरी बेस. अल्बमच्या शेवटच्या, नाव नसलेल्या गाण्यात ड्रम्सवर बक बसलाय. त्याचा ठेका ऐका : कच्चा, हट्टी, एकसुरी, आणि गाण्याला नेमका तोच लागतो. सराईत हाताकडून तसं आलं नसतं. मोठी गाणी ('ऑरेंज क्रश', 'स्टँड') आणि ही मँडोलिनची गाणी यांत 'ग्रीन' दुभंगलेला वाटतो, ते खरं आहे. पण पुढचं सगळं इथे पेरलेलं आहे.

१९८९चा प्रदीर्घ दौरा संपल्यावर ते इतके थकले की १९९५पर्यंत पुन्हा मोठा दौरा केला नाही. याचा आवाजावर थेट परिणाम झाला. मोठ्या मैदानात वाजवायचंच नाही म्हटल्यावर मोठ्याने वाजवायची सक्ती उरली नाही. 'आउट ऑफ टाइम' (१९९१) आणि 'ऑटोमॅटिक फॉर द पीपल' (१९९२) या मोकळीकीतून आले.

'लूझिंग माय रिलिजन' आता नव्याने ऐका. बक मँडोलिन शिकत होता, टीव्हीसमोर बसून वाजवायचा आणि टेपरेकॉर्डर चालू ठेवायचा. त्यातून ही सुरावट सापडली. हिंदी चित्रपटसंगीतामुळे मँडोलिन आपल्या कानाला परकं नाही, तरी इथे ते वेगळं वागतं : नटवी जागा नाही, मुरकी नाही, शिकाऊ हाताने पुन्हापुन्हा गिरवलेला तोच तुकडा. गिटार येत असेल तर कडव्यासाठी ए मायनर, ई मायनर, डी मायनर आणि जी एवढ्या कॉर्ड पुरतात, कुणालाही पहिल्या सहा महिन्यांत येणाऱ्या. अवघड आहे ते बाकीचं. मिल्सचा बेस शांतपणे खालची पोकळी भरतो आणि मागे अटलांटातल्या वादकांची तंतुवाद्यं इतकी हळू येतात की ती कधी सुरू झाली ते कळत नाही. शिवाय सगळ्यांनी मिळून ओरडावं असं ध्रुवपद या गाण्याला जवळजवळ नाहीच. असं गाणं बिलबोर्डवर चौथं आलं.

त्याचा व्हिडिओ तरसेम सिंग यांचा, जालंधरला जन्मलेले. भारतीय सिनेमाचा नाट्यमय, स्वप्नवत ढंग, कॅलेंडरवरच्या देवादिकांसारखी मांडणी आणि काराव्हाज्जोच्या चित्रांतला अंधार-उजेड त्यांनी एकत्र आणला. १९९१मध्ये एमटीव्हीने तोच वर्षाचा सर्वोत्तम व्हिडिओ ठरवला. आपल्याकडे नव्वदीत केबलवर ज्यांनी तो पाहिला, त्यांना ते निळे-सोनेरी देव ओळखीचे का वाटले असतील, हे सांगायला नको.

या अल्बमवर मिल्स दोन गाण्यांत मुख्य गायक आहे : 'निअर वाइल्ड हेवन' आणि 'टेक्सार्काना'. पायरी पहिलीत ओळखलेला दुसरा आवाज इथे पुढे येऊन उभा राहतो. आणि 'कंट्री फीडबॅक' चुकवू नका. स्टाइप समोरच्या टिपणांवरून जवळजवळ बोलतच गेला आणि मागे जॉन कीन यांची पेडल स्टील गिटार रडत राहिली. मला विचाराल तर या अल्बममधलं सगळ्यात खरं गाणं ते.

'ऑटोमॅटिक फॉर द पीपल' रात्री, दिवे मंद करून, सलग ऐका. नाव अथेन्समधल्या वीव्हर डी यांच्या खानावळीच्या पाटीवरून घेतलं. आत मात्र मृत्यू, आठवणी आणि निरोप. चौघं तेव्हा तिशीच्या आसपास होते. तंतुवाद्यांची रचना लेड झेपलिन या रॉक बँडचे जॉन पॉल जोन्स यांनी केली, 'ड्राइव्ह', 'एव्हरीबडी हर्ट्स', 'नाइटस्विमिंग' आणि 'द साइडवाइंडर स्लीप्स टुनाइट' या चार गाण्यांत.

'एव्हरीबडी हर्ट्स'साठी बोटांवर सहा मोजा. दादऱ्याच्या सहा मात्रा मनात धरल्यात तर गाणं सहज पकडता येतं : प्रत्येक मात्रेला बकची एक तार, कडव्यात डी आणि जी या दोनच कॉर्ड फिरवत. सुरुवातीचा ठेका स्वस्तातल्या ड्रम मशीनचा आहे. आणि चाल मुख्यतः कुणाची? ड्रमर बेरीची. 'परफेक्ट सर्कल' आठवा. बेरी गाण्यातून स्वतःला वगळू शकतो, हीच त्याची ताकद होती. स्टाइपने शब्द मुद्दाम साधे ठेवले, शाळकरी मुलालाही कळावेत म्हणून. पुटपुटणारा गायक दहा वर्षांत इथवर पोचला.

'नाइटस्विमिंग'मध्ये गिटार नाही, ड्रम्स नाहीत. मिल्सचा पियानो, स्टाइपचा आवाज, तंतुवाद्यं आणि शेवटाकडे ओबो हे फुंकवाद्य. पियानोची आकृती वर्तुळात फिरते, कुठेच उतरत नाही. चौघांपैकी दोघं गप्प आहेत, आणि तरीही हे आर.ई.एम.चंच गाणं आहे. इथे थांबा. 'फॉल ऑन मी' पुन्हा लावा, लगेच 'नाइटस्विमिंग'. सहा वर्षांत काय झालं ते कान सांगतील.

पायरी पाचवी : गोंगाट आणि रस्ता (१९९४ ते १९९६)

दौऱ्यावर जायचं ठरलं, म्हणून मोठ्याने वाजणारी गाणी हवी होती. 'मॉन्स्टर'मध्ये बकने किणकिण पूर्ण सोडली. गिटार फाटक्या आवाजात, आणि 'क्रश विथ आयलायनर'मध्ये तर थरथर कापणारी : हा ट्रेमोलो, आवाजाची पातळी झपाझप वरखाली करणारी सोय. स्टाइपचा आवाज पुन्हा गिटारच्या भिंतीमागे. लोकांना हे ग्रंजचं, म्हणजे तेव्हा गाजत असलेल्या फाटक्या गिटारच्या रॉकचं, अनुकरण वाटलं. मला वाटतं दोन शांत अल्बमनंतर ते गाण्यात मुखवटे घालून बघत होते. 'लेट मी इन' मात्र मुखवट्याशिवाय आहे. निर्वाणा बँडचा गायक कर्ट कोबेन त्याच वर्षी एप्रिलमध्ये गेला, त्याच्यासाठी ते लिहिलं.

'व्हॉट्स द फ्रिक्वेन्सी, केनेथ?'च्या शेवटी लय हळू होते, ती पकडा. ते ठरवून केलेलं नाही. मिल्स मंद व्हायला लागला आणि बाकीचे त्याच्याबरोबर मंद होत गेले. मग कळलं की त्याचं अपेंडिक्स दुखत होतं. घेतलेला तुकडा तसाच ठेवला. चौघं एकमेकांना किती ऐकत होते, याचा यापेक्षा चांगला पुरावा नाही. २०१९मध्ये लिट यांनी पूर्ण अल्बमची नवी जुळणी (मिक्स) केली, त्यात स्टाइपचा आवाज पुढे आहे. दोन्ही रूपांतलं हेच गाणं लागोपाठ ऐका, म्हणजे जुळणीने गाणं किती बदलतं ते कळेल.

१९९५चा दौरा शरीरांवर उठला. १ मार्चला स्वित्झर्लंडमध्ये लोझान इथे बेरीच्या मेंदूतली रक्तवाहिनी रंगमंचावर असतानाच फुटली. तो वाचला आणि परतला. पुढे मिल्सच्या पोटावर आणि स्टाइपवर हर्नियाची शस्त्रक्रिया झाली. आणि याच दौऱ्यात, कार्यक्रमाआधीच्या ध्वनिचाचण्यांत आणि मैफलींत त्यांनी नवी गाणी मुद्रित केली. १९९६चा 'न्यू अ‍ॅडव्हेंचर्स इन हाय-फाय' त्यातून आणि नंतर सिअ‍ॅटलमधल्या स्टुडिओतून तयार झाला. माझा सर्वांत आवडता. दोनदा नाही, चारदा ऐका. 'लीव्ह'मध्ये भोंग्यासारखा एक आवाज एकदा सुरू झाला की थांबत नाही. 'ई-बो द लेटर'मध्ये गायिका-कवयित्री पॅटी स्मिथ येते, जिच्या रेकॉर्डने कुमारवयातल्या स्टाइपला या वाटेवर आणलं होतं. शेवटचं 'इलेक्ट्रोलाइट', मिल्सच्या पियानोवर. चौघांचा मिळून शेवटचा अल्बम हाच.

पायरी सहावी : रिकामी जागा ऐकणं (१९९८ ते २०११)

ऑक्टोबर १९९७मध्ये बेरी बाहेर पडला. शेती करायची होती त्याला. आपल्यामुळे बँड मोडणार असेल तर जाणार नाही, असं त्याने सांगितलं होतं. तिघं राहिले. तीन पायांचा कुत्राही कुत्राच असतो, त्याला फक्त वेगळं धावायला शिकावं लागतं, असं स्टाइप तेव्हा म्हणाला.

१९९८चा 'अप' ऐकताना हे शिकणं ऐकू येतं. पहिलं 'एअरपोर्टमन' लावा : यंत्राची टकटक, कुजबुज, ड्रमरचा पत्ता नाही. तिघांनी दुसरा माणूस आणून खुर्ची भरली नाही, ड्रम मशीन आणि कीबोर्ड घेतले. कुठे कुठे पाहुणे वादक आले. या वेळी बेरीच्या मागे कान लावा, म्हणजे जिथे तो असता तिथे काय नाही ते ऐका. कडव्यातून ध्रुवपदात जाताना गाणी घुटमळतात. लांबतात. कुणी 'पुरे' म्हणणारा नाही. अल्बमवर सगळ्या गाण्यांचे शब्द पहिल्यांदाच छापले तेही इथेच. स्टाइपला आता लपायचं नव्हतं. रात्रपाळीत काम करणाऱ्या माणसाचं 'डेस्लीपर' आणि 'वॉक अनअफ्रेड' ही दोन या अल्बमची दारं समजा. 'अप' पहिल्यांदा कंटाळवाणा वाटेल, पण क्रमाने इथवर आलेल्याला तो सगळ्यात जास्त हलवतो.

'रिव्हील' (२००१) मधलं 'इमिटेशन ऑफ लाइफ' आणि 'अराउंड द सन' (२००४) मधलं 'लीव्हिंग न्यू यॉर्क' ऐकून पुढे गेलात तरी चालेल. दुसऱ्या अल्बममध्ये तिघं एकमेकांना ऐकताना दिसत नाहीत, आणि बकनेही नंतर त्याबद्दल नाराजी बोलून दाखवली.

२००७मध्ये त्यांनी त्यावर उपाय शोधला. डब्लिनच्या ऑलिंपिया थिएटरमध्ये पाच रात्री लोकांना बोलावून त्यांच्यासमोर नव्या, अर्धवट गाण्यांची तालीम केली. त्यातून 'अ‍ॅक्सेलरेट' (२००८) झाला, पस्तीस मिनिटांच्या आत संपणारा. ड्रम्सवर बिल रीफ्लिन. मिल्सचा दुसरा आवाज पुन्हा वर आला आहे, पहिल्याच गाण्यात शोधा. त्या रात्रींचं ध्वनिमुद्रण 'लाइव्ह अ‍ॅट द ऑलिंपिया' नावाने मिळतं. त्यात ऐंशीच्या दशकातली जुनी गाणीही आहेत, 'फेबल्स'मधलीसुद्धा.

शेवटचा 'कोलॅप्स इंटू नाऊ' (२०११). त्यात पॅटी स्मिथ पुन्हा आहे, आणि शेवटचं 'ब्लू' संपता संपता पहिल्या 'डिस्कव्हरर'ची चाल परत येते. त्याच वर्षी २१ सप्टेंबरला त्यांनी बँड थांबवल्याचं जाहीर केलं, भांडण नाही, कोर्टकचेरी नाही. जून २०२४मध्ये सॉन्गरायटर्स हॉल ऑफ फेमच्या समारंभात चौघं एकत्र उभे राहिले आणि 'लूझिंग माय रिलिजन' वाजवलं. त्याचं चित्रण बघा. बेरीही आहे.

वेळ कमी असेल तर

सहा अल्बम या क्रमाने : 'मर्मर', 'लाइफ्स रिच पेजंट', 'ऑटोमॅटिक फॉर द पीपल', 'न्यू अ‍ॅडव्हेंचर्स इन हाय-फाय', 'अप', 'अ‍ॅक्सेलरेट'. 'आउट ऑफ टाइम' यात मुद्दाम धरला नाही, कारण त्यातलं मुख्य गाणं तुमच्या कानात आधीच आहे. संकलनांपासून सुरुवात करू नका, त्यांत सालं मिसळतात आणि कुणी जागा कधी बदलली ते कळत नाही. गिटार वाजवत असाल तर 'ड्रायव्हर ८'ची सुरावट आधी बसवा, 'लूझिंग माय रिलिजन' नंतर. आणि बेस वाजवणारा मित्र जवळ असेल तर त्याला 'फॉल ऑन मी' ऐकवा, पुढचं तो स्वतःच शोधेल.